रॉड, बंब आणि गिझर : सहा माणसांच्या घरातला गरम पाण्याचा भरवसा

नाशिकहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात सहा माणसं : सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई ७१ च्या, नवरा-बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांची मुलगी. एका बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, पण त्याचं बर्नर कधी पेटतं, कधी नाही. दुसऱ्या बाथरूमसाठी बादलीत रॉड टाकून पाणी तापवतात. सकाळी ६ ते ८ या वेळात सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या असतात. पाणी अर्धं पालिकेचं, अर्धं बोअरचं. चांगला गिझर घ्यावा असं ताईंच्या मनात आहे, पण सासरे म्हणतात, "आम्ही उभा जन्म बंबावर आणि रॉडवर काढला, ही चैन कशाला?" गिझर घेऊन खरंच काही फायदा होतो का, बिल किती वाढेल आणि १५ लिटरचा घ्यावा की २५ चा, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ताई, मी २४ वर्षं गिझर बसवणं, दुरुस्त करणं आणि घरांचं वायरिंग याच कामात आहे. तुमचे तिन्ही प्रश्न घेतो, पण त्याआधी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगू द्या, कारण ती उद्यावर टाकण्यासारखी नाही.

तो गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल, तर आजपासून तो बंद ठेवा. "कधी पेटतो, कधी नाही" हे तुम्ही कुरकुर म्हणून लिहिलं आहे, पण मला तो इशारा वाटतो. गॅस नीट जळायला हवा लागते. थंडीत आपण दार लावतो, खिडकीची काच लावतो, एक्झॉस्ट फॅन बंद ठेवतो. एवढ्याशा खोलीतला ऑक्सिजन बर्नर पाहता पाहता कमी करतो, मग ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट धरतो. माणसाला आधी जड वाटतं, डोकं दुखतं, गुंगी येते आणि दाराची कडी काढण्याइतकंही त्राण उरत नाही. घरचे बाहेर म्हणत असतात, "अजून कशी अंघोळ झाली नाही?" धडधाकट तरुण माणसं अशी गेली आहेत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टच्या बाजूला बसवून आत फक्त गरम पाण्याची पाइप आणता येते. तशी जागा नसेल, तर तो काढून टाका. माझ्या हाताने मी आजवर एकही गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, त्याचं मला काही वाटत नाही.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येतो. ते चुकीचं बोलत नाहीत. बंब ही फार हुशारीने बनवलेली वस्तू होती. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. वरच्या तोंडातून जेवढं गार पाणी ओताल, तेवढंच कढत पाणी तोटीतून घंगाळात पडणार. आजचा साठवणीचा गिझर याच तत्त्वावर चालतो : खालून गार पाणी शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. पण बंबाची एक गोष्ट आपण विसरतो. तो परसात, मागच्या दारी किंवा उघड्या पडवीत पेटायचा. धूर आभाळात जायचा आणि न्हाणीघरात फक्त पाणी यायचं. फ्लॅटला परस नाही. तीच आग आपण बंद खोलीत आणली आणि तिथेच घात झाला. सासऱ्यांना हे असं सांगून पाहा. बंबावर वाढलेल्या माणसाला ते लगेच पटतं, असा माझा अनुभव आहे.

रॉडबद्दलही स्पष्टच सांगतो. एकट्यादुकट्याने, लहान मूल नसलेल्या घरात, चांगल्या प्रतीचा रॉड काळजीपूर्वक वापरला तर निभावतं. तुमच्या घरात ४ वर्षांची मुलगी आहे. कढत पाण्याची बादली रोज उचलून पॅसेजमधून बाथरूमपर्यंत न्यावी लागते. कोणीतरी बटण बंद न करताच पाण्यात बोट घालून "तापलं का" पाहतं. पाणी रॉडच्या खुणेच्या खाली गेलं की कॉइल जळते, प्लास्टिकची बादली वितळते. आणि हे सगळं सांभाळायला रोज पहाटे कोणीतरी उठून उभं राहावं लागतं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक ते तुम्हीच करत असाल.

खरा फायदा मला इथे दिसतो. लोक मला गिझरचे फायदे विचारतात तेव्हा त्यांना आराम, वेळ, वीज यांची यादी हवी असते. माझ्या मते भरवशाचा गिझर म्हणजे ज्याच्यावर कोणाला पहारा ठेवावा लागत नाही असं गरम पाणी. रोज तेच, तेवढंच, कोणालाही न विचारता मिळणारं.

काही वर्षांपूर्वी एका घरी गिझर बसवायला गेलो होतो. घरातल्या आजी थंडीत दोन-दोन दिवस अंघोळ टाळायच्या. पारोसं राहणं त्या पिढीला किती लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. पूजा अडते, स्वयंपाकघरात पाऊल टाकायला मन घेत नाही. घरच्यांना वाटायचं, वयामुळे कंटाळा करतात. मी काम करत असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "सून सकाळी किती धावते. तिला आणखी बादली उचलायला कशी सांगू?" गिझर बसला, पाणी आलं, आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट विचारली : "हा फिरवायचा नळ माझ्या हाताने फिरत नाही रे, दांडीचा मिळतो का?" संधिवाताने बोटं वाकडी झाली होती. मी त्याच दिवशी लांब दांडीचा, पाव वळणात उघडणारा नळ लावून दिला. पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा त्यांची अंघोळ आणि पूजा सगळ्यांच्या आधी उरकलेली होती. तेव्हापासून ज्येष्ठ माणसं असलेल्या घरात मी गिझरबरोबर नळाचीही चौकशी करतो. तुमच्या सासूबाईंचा हातही एकदा पाहा.

आता बिलाचं बघू. यात एक साधं गणित आहे आणि ते कोणीही घरी करू शकतं. जेवढे लिटर पाणी, त्याला जेवढे अंश तापवायचं, त्यांचा गुणाकार करून ८६० ने भागा, की विजेचे युनिट मिळतात. नाशिकला ऐन थंडीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १५ अंशांच्या आसपास असतं. निफाडकडे त्याहूनही गार. अंघोळीला ४० अंशाचं पाणी पुरतं, आणि बादलीने अंघोळ करणाऱ्या माणसाला २५ लिटर धरा. म्हणजे २५ गुणिले २५ भागिले ८६० : साधारण पाऊण युनिट. सहा माणसांचे साडेचार युनिट, टाकीतून आणि पाइपमधून वाया जाणारी उष्णता धरून ५. महिन्याला १५० युनिट. हा डिसेंबर-जानेवारीचा आकडा झाला. एप्रिल-मे महिन्यात टाकीतलं पाणी मुळातच कोमट असतं, तेव्हा हाच खर्च एक तृतीयांशावर येतो किंवा गिझर लावावाच लागत नाही. रुपये किती, हे तुमच्या बिलातल्या टप्प्यावर ठरतं. महावितरणचा दर ० ते १०० युनिटला एक, १०१ ते ३०० ला दुसरा, असा चढत जातो. तुमचा वापर आज कुठल्या टप्प्यात आहे ते पाहा आणि वरचे युनिट त्या पुढच्या दराने धरा.

पण लक्षात घ्या, हे १५० युनिट सगळे नवे नाहीत. रॉड आजही वीज खातोच आहे. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला रॉडला आणि गिझरला जवळजवळ सारखीच वीज लागते. रॉड स्वस्तात पाणी तापवतो हा समज मी घरोघरी ऐकतो, तो खरा नाही. उलट रॉडचं पाणी कढत होईपर्यंत ठेवलं जातं, मग विसण घालूनही उरतं, आणि बादलीत तसंच गार होतं.

गॅसच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. गिझरमधून त्यातली चार पंचमांश पाण्यात उतरली असं धरलं, तर एक सिलिंडर म्हणजे १४५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर तेवढ्या विजेचे १,४५० रुपये होतात, आणि घरगुती सिलिंडर त्याहून बराच स्वस्त पडतो. म्हणजे चालवायला गॅस स्वस्त आहे. बाहेर बसवायला जागा असेल आणि दर वर्षी बर्नर साफ करून घेणार असाल, तर मी गॅसला नाही म्हणत नाही. तुमच्या वर्णनावरून तशी जागा दिसत नाही, म्हणून मी विजेकडे झुकतो.

आता १५ की २५. दुकानदार तुम्हाला माणसं मोजून टाकी सांगेल. मी सांगतो, आधी रांग मोजा.

टाकीत पाणी ६० अंशाला तापलेलं असतं आणि त्यात विसण पडतं. २५ लिटरची पूर्ण टाकी १५ अंशाच्या पाण्यात मिसळली, तर ४० अंशाचं साधारण ४५ लिटर पाणी होतं. प्रत्यक्षात शेवटचं पाणी गार मिसळून येतं, त्यामुळे ३८-४० धरा. म्हणजे दीड अंघोळ, काटकसरीने दोन. १५ लिटरच्या टाकीत एकच अंघोळ निघते. पुढच्या माणसासाठी पाणी परत तापायला हवं. तिथे टाकीचा आकार कामाला येत नाही, कॉइलचे वॅट येतात. २,००० वॅटची कॉइल तासाला २ युनिट उष्णता देते. एका अंघोळीला पाऊण युनिट लागतं, म्हणजे दर २२ मिनिटांनी एक अंघोळ. ६ ते ८ या दोन तासांत ४ युनिट, अधिक सव्वापाचला चालू करून आधी तापवून ठेवलेल्या टाकीतले सव्वा युनिट. तुमच्या सहा अंघोळींना साडेचार लागतात. एकच २५ लिटरचा गिझर हे जेमतेम निभावेल, पण मुलाची शाळा आणि नवऱ्याची ऑफिसची वेळ एकत्र आली की कोणीतरी काकडत उभं राहील.

म्हणून माझा सल्ला असा : ज्या बाथरूममध्ये चौघं जातात तिथे २५ लिटर, आणि सासू-सासऱ्यांच्या बाथरूममध्ये १५ लिटर. एकाच वेळी दोन मोठ्या टाक्यांची तुम्हाला गरज नाही. ३ लिटरचा इन्स्टंट गिझर तिथे लावू नका. ३,००० वॅटचा असला तरी थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी तो २० अंशांनी तापवू शकतो. नळ थोडा जास्त सोडला की पाणी कोमट येतं, आणि म्हातारं माणूस ओल्या अंगाने बादली भरायची वाट पाहत बसतं. स्वयंपाकघरात तेलकट भांड्यांसाठी मात्र तो फार उपयोगाचा आहे. साठवणीच्या गिझरचा आणखी एक गुण तुमच्या भागात कामाचा आहे : पहाटे वीज गेली तरी आधी तापलेलं पाणी तासन्‌तास गरम राहतं. रॉड आणि इन्स्टंट दोन्ही त्या वेळी हतबल असतात.

सोलरबद्दल कोणीतरी विचारेलच, म्हणून थोडक्यात : नाशिकला थंडीत ऊन भरपूर, त्यामुळे सोलर चांगला चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे विजेचा आधार लागतोच. गच्ची सोसायटीची असल्याने आधी परवानगी लागेल. मिळाली तर जरूर करा, पण त्यासाठी ही थंडी रॉडवर काढू नका.

आता "भरवशाचा" या शब्दाकडे. लोक भरवसा कंपनीच्या नावावर ठेवतात. कंपनीचा वाटा आहेच. आयएसआयची खूण आणि बीईईचं (वीजबचतीचं) स्टार लेबल पाहूनच घ्या. लेबलवर २४ तासांत टाकी तापवून नुसती ठेवली तर किती वीज वाया जाते, तो आकडा छापलेला असतो. दोन मॉडेलमध्ये निवड करताना मी तो वाचतो. पण मी ज्या तक्रारींना जातो, त्यांत गिझरचा स्वतःचा दोष क्वचित असतो. दोष पाण्यात, भिंतीत आणि वायरमध्ये असतो.

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी तापलं की ते कॉइलवर पांढऱ्या थराने बसतात, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितके जास्त बसतात. थर जाड झाला की उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो, कॉइल आतून तापून जळते. गिझरमधून कढ आल्यासारखा खडखड आवाज यायला लागला, की समजा क्षार साचले. तुमच्यासाठी आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्या. तिच्या आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, त्याला एनोड रॉड म्हणतात. गंज टाकीला खाण्याऐवजी त्या दांड्याला खातो. तो संपला की टाकीची पाळी येते. पालिकेच्या पाण्यावर दांडा जास्त टिकतो. बोअरच्या पाण्यावर मी दर वर्षी उघडून पाहतो आणि दीड-दोन वर्षांत बदलतो. तो बदलायला लागणारा खर्च नव्या टाकीपुढे काहीच नाही. तरी दहातल्या नऊ घरांत त्याचं नावही कोणी ऐकलेलं नसतं, कारण गिझर विकताना ते कोणी सांगत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. चार वर्षांत गळलेल्या कितीतरी टाक्या त्या एका दांड्याने वाचल्या असत्या.

दुसरं, थेंब. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी १५ वरून ६० अंशाला गेलं की साधारण ४०० मिलिलिटरने वाढतं. ते मागे जाऊ शकत नाही, कारण गार पाण्याच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह असतो. म्हणून दाब वाढला की सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. तो बिघाड नाही, गिझर स्वतःचा जीव वाचवत असतो. एका घरी मी गेलो तेव्हा या व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाचा डट्ट्या ठोकलेला होता, "फरशी ओली होते" म्हणून. त्यात थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) चिकटला असता आणि कटआउटने (पाणी फारच तापलं तर वीज तोडणाऱ्या दुसऱ्या भागाने) दगा दिला असता, तर ती टाकी फुटली असती. तुमच्याकडे थेंब पडला तर त्याला एक बारीक नळी जोडून मोरीच्या जाळीत सोडा. त्याचं तोंड कधीही बंद करू नका. थेंबाऐवजी सतत धार लागली, तर मात्र माणूस बोलवा.

तिसरं, अर्थिंग. यावर मी कोणाचंही ऐकत नाही. २,००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपियर घेतो. त्याला १६ अँपियरचा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच) हवा. एका अगदी नव्या फ्लॅटमध्ये शॉवर लावला की हाताला झिणझिण्या येतात अशी तक्रार होती. सॉकेट उघडलं तर तीन भोकं होती, पण वरच्या, अर्थिंगच्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. हिरवी वायर भिंतीत गुंडाळून ठेवली होती. गिझर नवा, कंपनी चांगली, आणि घरातली माणसं रोज मरणाच्या कडेवर उभी राहून अंघोळ करत होती. म्हणून गिझर आणण्याआधी एखाद्या जाणत्या वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी नसेल, तर तो बसवा. विजेची गळती झाली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्यावर एक टेस्ट बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. बटण दाबूनही तो पडला नाही, तर तो निकामी आहे. दोन गिझर एकदम चालणार असतील, तर घराचा मंजूर भार किती आहे तेही बिलावर पाहून ठेवा.

भिंतीचंही बघा. २५ लिटरची भरलेली टाकी ३५ किलोच्या आसपास जाते. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लगवर ती टांगू नका, योग्य फास्टनर वापरायला सांगा. गरम पाण्याची पाइप सीपीव्हीसीची हवी, साधी पीव्हीसी मऊ पडते. गिझर फॉल्स सीलिंगमध्ये लपवू नका. खालचं झाकण उघडायला हातभर जागा नसेल, तर वरचा एनोडचा सल्ला कागदावरच राहील. चौथा मजला इमारतीत वरचा असेल तर दाब कमीच असणार. खालचा असेल किंवा प्रेशर पंप असेल तर टाकी ८ बार दाबाची घ्या. टाकीपासून दर १० मीटर खाली एक बार वाढतो, एवढं धरलं तर तुमचं तुम्हालाच कळेल.

तापमान किती ठेवावं, हे घरातल्या माणसांवर आहे. मी साधारण ५५ ते ६० सांगतो. टाकी कायम ४० अंशाच्या आसपास ठेवली तर त्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात. म्हाताऱ्यांच्या फुप्फुसांना ते जड जातात, ६० अंशाला ते मरतात. पण ६० अंशाचं पाणी थेट अंगावर पडलं तर मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोल भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. ५० अंशाला तेच व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणून घरात एक नियम सगळ्यांनी पाळा : बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आपण पिढ्यान्‌पिढ्या उलट करत आलो, कारण कढत पाणी आधी घंगाळात यायचं आणि विसण वरून पडायचं. ४ वर्षांचं मूल नळाशी पोचतं अशा घरात ही सवय बदला, आणि गरम नळ शक्य तितका उंचावर घ्या.

गिझर दिवसभर चालू ठेवावा का, हेही लोक विचारतात. चांगल्या टाकीत उष्णता हळूहळूच जाते, त्यामुळे चालू राहिला तर घर बुडत नाही. तरी अंघोळी संपल्या की बंद करा. थर्मोस्टॅट हा शेवटी एक झिजणारा भाग आहे, त्याला चोवीस तास कामाला जुंपू नये.

आता क्रम सांगतो. गॅस गिझर आज बंद. या आठवड्यात अर्थिंग आणि ईएलसीबी. त्यानंतर सासू-सासऱ्यांच्या बाथरूममधला १५ लिटरचा आधी घ्या, २५ चा पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. थंडी त्यांना जास्त बाधते आणि बादली उचलायला त्यांना माणूस लागतो, म्हणून पहिला मान त्यांचा. बसवल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी पूर्ण भरू द्या. नळातून हवा न येता सलग धार लागली की मगच बटण दाबा. गच्चीवरची टाकी धुऊन झाल्यावर दर वेळी हेच करा, नाहीतर कोरड्या टाकीत कॉइल मिनिटांत जळते आणि वॉरंटीत ती बसत नाही.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस (त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि इमारतीला एकूण किती मजले आहेत, हे कळवलंत तर एनोड कधी तपासायचा आणि प्रेशर पंपाची गरज आहे का, ते नेमकं सांगेन. बाथरूमच्या सॉकेटमध्ये हिरवी वायर जोडलेली आहे की नाही, हे वायरमनने पाहिलं की तेही लिहा.